दोनशे चाळीस पानांचा कणा

"ज्या मुलीला काय शिकायचंय हेच माहीत नाही, तिचं तुम्ही काय करता?"

हा प्रश्न मी विचारला. मी! भरल्या सभागृहात, हातात माइक घेऊन, सात-आठशे माणसांसमोर. शाळेत गेली चार वर्षं जिचं नाव 'म्यूट' आहे, तिने. हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. मग शेजारची हात वर करून सांगायची, "आहे बाई, आहे. इथेच बसलीये, श्वास चालू आहे."

ही शेजारची म्हणजे वकीलीण. तिच्या घरात कुणी वकील नाही, पण ती फळ्याशीसुद्धा वाद घालू शकते. तिच्या पलीकडे टाचणी बसते. तिला टाचणी का म्हणतात ते पाच मिनिटं बोललं की कळतं. मी तोंड उघडणारच नाही, अशी पैज या दोघींनी माझ्याशी लावली होती.

"रोज मधल्या सुट्टीत आमचं डोकं खातेस ना, मला काय करायचंय ते कळत नाही म्हणून?" वकीलीण म्हणाली. "मग तेच त्यांना विचार. आम्ही काय विद्यापीठ आहोत?"

"नाही विचारणार ती," टाचणी म्हणाली. "मी लिहून देते."

त्या 'लिहून देते'ने घात केला. मी उठले.

तो विद्यापीठाचा माहिती दिवस होता. मंचावर प्रवेश विभागाचे साहेब बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गर्दीत मला शोधलं आणि म्हणाले, "बाळ, आमच्या फॉर्मवर तसा रकाना नाही."

सगळं सभागृह हसलं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी तर टाळीच वाजवली. हसू ओसरल्यावर साहेब जरा हळू आवाजात म्हणाले, "अजून दहा दिवस आहेत. नीट विचार कर. कारण एकदा विषय लिहिला की आमच्याकडे तो बदलत नाही."

मी खाली बसले. टाचणीने माझा हात घट्ट धरला, तर घाम तिच्या तळव्याला! आणि तिथे बसल्या बसल्या मला एक शोध लागला. एवढी माणसं एकदम आपल्याला हसली तरी आपण मरत नाही. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, माझी चार वर्षं वाचली असती.

त्या दिवसापासून माझा नळ सुटला. ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं, या विद्यापीठाखेरीज दुसरी कुठली आहेत. बसच्या ड्रायव्हरला विचारलं, रोज त्याच रस्त्याने जायचा कंटाळा येत नाही का. औषधाच्या दुकानदाराला विचारलं, "तुम्हाला हेच व्हायचं होतं का हो?" तो गोळ्या मोजत होता. चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला आणि मान वर न करता म्हणाला, "पुढचं गिऱ्हाईक."

फक्त घरी विचारता येईना. कारण घरी असा काही प्रश्न आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

आमचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकापासून चौथं. खाली दुकान, वर दोन खोल्या. बाबा बाइंडर आहेत. बाइंडर म्हटल्यावर वह्यांना कव्हरं घालणारा डोळ्यांसमोर येत असेल तर तो पुसा. बाबा प्रबंध बांधतात. चार-पाच वर्षं संशोधन करून माणसं जे लिहितात त्याचा सुटा गठ्ठा आमच्याकडे येतो, आणि आमच्याकडून जातं ते पुस्तक. आई दाराजवळच्या टेबलावर पानांचे जुज, म्हणजे छोटे छोटे गठ्ठे, शिवते. मेण लावलेला दोरा, लांब सुई, आणि टाका ओढताना दर वेळी ओठ मिटलेले. बाबा शिवलेला गठ्ठा शिकंज्यात दाबतात, कडा कापतात, पुठ्ठे चढवतात. वर गडद हिरवं कापड, कारण विद्यापीठाचा नियम तसा आहे. आणि शेवटी कण्यावर सोनेरी अक्षरं: विषय, नाव, साल. अक्षरांचे पितळी खिळे उलटे जुळवायचे, तापवायचे आणि सोनेरी फॉइलवर एकदाच दाबायचे. दुसरी संधी नाही. मी ते खिळे बघूनच वाचायला शिकले, त्यामुळे पहिलीत गेल्यावर मला सुलट अक्षरं चुकलेली वाटायची.

बाबांचा एक नियम आहे, आणि तो मोडताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. आधी पानं, मग पुठ्ठा. मार्च-एप्रिलमध्ये मुलं धापा टाकत येतात. "काका, पानं उद्या आणतो. तुम्ही कव्हर तेवढं करून ठेवा, प्लीज."

बाबा दोन्ही हात पाठीमागे घेतात. "पानं किती?"

"साधारण दोनशे."

"साधारण दोनशेचं कव्हर साधारणच बसेल. जा, पानं आण."

कारण कणा पानांच्या जाडीवर कापायचा असतो. कागद जाड की पातळ, दोरा किती फुगला, दाबल्यावर गठ्ठा किती बसला, हे सगळं हातात आल्याखेरीज माप घेता येत नाही. कणा रुंद झाला तर पानं आत हलत राहतात. अरुंद झाला तर पुस्तक उघडत नाही.

आता आमच्या मागच्या भिंतीवरच्या फळीबद्दल सांगायला हवं. तिला आम्ही 'न नेलेले' म्हणतो. बांधायला दिलेले, बांधून झालेले, पण ज्यांची माणसं परत आलीच नाहीत असे एकेचाळीस प्रबंध. कुणी मधेच सोडून गेलं, कुणाला नोकरी लागली, कुणाचं काय झालं कुणास ठाऊक. आईने कितीदा सांगितलं असेल की जागा अडते, काढून टाका. बाबांचं उत्तर ठरलेलं: "नाव घातलंय गं त्यावर. टाकू कसं?"

दर रविवारी ती फळी मी पुसते. आणि चोरून प्रत्येकाचं एकच पान वाचते, ऋणनिर्देशाचं. आतलं काही कळत नाही, पण तेवढं कळतं. एकाने वरच्या मजल्यावरच्या माणसाचे आभार मानलेत, रेडिओ लहान आवाजात लावल्याबद्दल. एकीने लिहिलंय, 'माझ्या आईला, जिला मी काय करते ते शेवटपर्यंत समजलं नाही, पण जी सगळ्यांना सांगत राहिली.' हे पुस्तक नेलं नाही कुणी.

मी अकरा वर्षांची असताना एक बाई आल्या. मी टेबलाखाली कापडाचे तुकडे रंगांप्रमाणे लावत होते, त्यामुळे मला त्यांच्या चपला आणि साडीचा काठ एवढंच आधी दिसलं. त्या सरळ त्या फळीपाशी गेल्या. मग मी डोकं बाहेर काढलं. त्यांनी वरून तिसऱ्या ओळीतला एक प्रबंध काढला. उघडला नाही. कण्यावर छापलेल्या विषयावरून नुसतं बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"विषय वडिलांनी निवडला होता," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या तेही कळलं नाही. "चांगला होता हो. पण माझा नव्हता."

"नेताय ना?" बाबांनी विचारलं.

"इथे बरा आहे." त्यांनी तो होता तिथे नीट बसवला, शेजारच्या दोन पुस्तकांच्या रेषेत, आणि गेल्या.

तेव्हापासून कुणी 'पुढे काय घेणार?' विचारलं की मला ते बोट दिसतं. मी सगळ्या विषयांत बरी आहे. कशातच वेडी नाही. लोकांना वाटतं न ठरवणं म्हणजे आळस. मला भीती वाटते, खरीखुरी भीती, की मी घाईघाईत काहीतरी लिहीन, ते कण्यावर छापलं जाईल, आणि वीस वर्षांनी मी त्यावरून बोट फिरवत उभी असेन.

ग्रंथालयातल्या बाईंनी मला एक पत्रक दिलं. सहा तासांवरच्या शहरात दुसरं विद्यापीठ आहे. आमच्याइतकंच सरकारी, आमच्याहूनही मोठं, पन्नास हजार विद्यार्थ्यांचं. तिथे पहिलं वर्षभर विषय लिहायचा नसतो. कुठलेही पाच घ्या, वर्गांत बसा, वर्ष संपताना सांगा. मी ते पत्रक आईच्या टेबलावर, तिच्या दोऱ्याच्या रिळाखाली ठेवलं. तिने टाका पूर्ण केला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"बघून येऊ," ती म्हणाली.

बाबांना तिनेच सांगितलं. ते कडा कापत होते. "या की. बघायला काय हरकत आहे?" ते हसले, कुणी प्राणिसंग्रहालय बघायला निघालं की हसतात तसे. "सोमवारी इथला फॉर्म द्यायचाय मात्र."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने आम्ही गेलो. ते विद्यापीठ म्हणजे विद्यापीठ नाही, शहरच आहे! आत बस धावते. एका इमारतीतून दुसरीत जाईपर्यंत आईने दोनदा थांबून चप्पल झटकली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आमच्याकडे फाटकातला पहारेकरीसुद्धा मला 'बाइंडरची' म्हणून ओळखतो. इथे मी आडवी पडले असते तरी लोक वळसा घालून गेले असते.

चौकशीच्या खिडकीत एक बाई होत्या. तोंडात पेन, दोन कानांना दोन फोन. मी माझा तोच प्रश्न विचारला. माइक नव्हता, पण आवाज निघाला.

बाईंनी दोन्ही फोन खाली ठेवले. "काय करतो? वर्षभर वाट बघतो. मग पुन्हा विचारतो."

"आणि तरीही माहीत नसेल तर?"

"तर शेवटी काहीतरी लिहावं लागतं. आमच्याकडे जादू नाही." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लाजरी आहेस?"

"होते," मी म्हणाले. आईने माझ्याकडे चमकून पाहिलं.

"मग ऐक, खरं सांगते. पहिल्या वर्षाच्या वर्गात सहाशे मुलं असतात. शिक्षकांना तुझं नाव कळणार नाही. तू चार दिवस आली नाहीस तर कुणी विचारायला येणार नाही. लाजरी मुलं इथे हरवतात. दर वर्षी हरवतात. सगळं स्वतः शोधायचं, स्वतः विचारायचं. विचारलंस तर सगळं आहे. नाही विचारलंस तर..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं. मग किल्ली काढून दिली. "समोरचा मोठा वर्ग रिकामा आहे. बसून बघ जरा."

तो वर्ग मी कधी विसरणार नाही. उतरत्या पायऱ्यांसारखे बाक, खाली एवढंसं टेबल, खिडक्या एकदम वर, छतालगत. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले. आई खाली उतरत उतरत शिक्षकाच्या टेबलापर्यंत गेली. तिथून ती आमच्या दुकानातल्या सुईच्या डबीएवढी दिसत होती. तिचे ओठ हलले.

"काय?" मी विचारलं.

पुन्हा ओठ हलले.

"आई, ऐकू येत नाहीये!"

माझी आई कधी आवाज चढवत नाही. मी बोलत नाही ते तिच्याकडूनच आलंय, सगळे म्हणतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं असलं तरी ती बाबांकडे बघते. तिने इकडेतिकडे पाहिलं, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओरडली, "म्हटलं, तिथून दिसतंय का गं नीट?"

आवाज भिंतीवर आपटून परत आला. दोघीही दचकलो. मग मी ओरडले, "दिसतंय!" आणि तिने ओरडून विचारलं, "डबा खायचा का?" आणि आम्ही दोघींनी त्या सहाशे जागांच्या मधोमध बसून, हसून हसून डोळे पुसत डबा खाल्ला.

परतीच्या गाडीत तिने रिकामा डबा पिशवीत नीट बसवला. मग म्हणाली, "मी शिवायला का लागले माहितीये? लग्न होऊन आले तेव्हा ते टेबल रिकामं होतं. तुझ्या आजोबांची शिवणारी बाई सोडून गेली होती. कुणीतरी बसायला हवं होतं, मी बसले."

"आवडतं का पण तुला?"

तिने तळहात उलटा करून बघितला. दोऱ्याने पडलेली रेघ अंगठ्याच्या खाली आहे तिच्या, पक्की. "कुणी विचारलंच नव्हतं गं आजवर," ती म्हणाली. "सांगते विचार करून."

रविवारी मी नेहमीसारखी फळी पुसायला घेतली. तिसरी ओळ काढली तेव्हा मागे, भिंतीला टेकवून, काहीतरी हिरवं दिसलं. मला वाटलं पुस्तक पडलंय. ओढून काढलं तर हलकं! आत पानं नव्हती. नुसतं कव्हर. दोन पुठ्ठे आणि कणा. वर नवं कोरं हिरवं कापड. कोपरे इतके नेटके मोडलेले की बाबांशिवाय कुणाचं काम नाही. आणि कण्यावर सोनेरी अक्षरांत: रसायनशास्त्र. त्याखाली माझं पूर्ण नाव, मधे बाबांचं. साल मात्र घातलेलं नव्हतं.

कुठे लपवलं होतं, बघा. घरात कुणी ढुंकून बघत नाही अशी जागा म्हणून त्यांनी ती फळी निवडली. न नेलेल्यांच्या मागे. ती कोण पुसतं याचा त्यांना विसर पडला.

मी ते नाव पुन्हा वाचलं. आणि मग राग आला. खरं सांगते, एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. म्हणजे ठरलंही होतं! छापूनही झालं होतं! मी नऊ दिवस जगाला विचारत फिरतेय आणि उत्तर इथे भिंतीला टेकून उभं आहे!

बाबा पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवत होते. मी कव्हर त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. पूर्वीची मी असते तर परत ठेवून दिलं असतं, आणि वर जाऊन उशीत तोंड खुपसलं असतं.

"किती पानांचा धरलात कणा?" मी विचारलं.

त्यांनी पळी थांबवली. आईचा टाकाही थांबला.

"दोनशे चाळीस," ते म्हणाले.

"कुणाची पानं?"

त्यांनी गॅस बंद केला. हात पुसले, आधी फडक्याला, मग पुन्हा शर्टाला.

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, आधी पानं? त्या पोरांना परत पाठवता. ती रडकुंडीला येतात तरी पाठवता. आणि माझं कव्हर तेवढं आधी? आणि दोनशे चाळीसच का?"

"रसायनवाले तेवढ्यात आटपतात," बाबा म्हणाले. इतकं साधेपणाने म्हणाले की दुसरा कुठला दिवस असता तर मी हसले असते.

"आणि रसायनच का?"

त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "पाच वर्षांची होतीस. इथेच उभी होतीस, स्टुलावर. विचारलंस, बाबा, पीठ पांढरं, घुसळलेलं पाणीपण पांढरं, मग शिजल्यावर खळ काचेसारखी का होते? मला उत्तर येईना. आलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, ते रसायनवाले होते, त्यांनी सांगितलं. तू त्यांच्याकडे अशी बघत होतीस..." ते थांबले. "त्यानंतर तू कधी एवढ्या मोठ्याने काही विचारलं नाहीस. म्हटलं तिथेच काहीतरी असेल."

मला तो दिवस आठवत नाही. खूप आठवून पाहिला.

"पण थांबला का नाहीत?" माझा आवाज आता खाली आला होता.

बाबांनी खणातून एक कागद काढला. चार घड्या घातलेला. विद्यापीठाचं परिपत्रक होतं. पुढच्या जूनपासून प्रबंध कागदावर स्वीकारले जाणार नाहीत. फक्त फाईल पाठवायची. खाली सही, शिक्का.

"तुझा लिहून होईपर्यंत हिरवं कापड मागणारं कुणी राहणार नाही," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षं लोकांच्या पोरांची नावं घातली. म्हटलं, एक घालून ठेवू. हात चालतायत तोवर."

आईला हे माहीत नव्हतं. तिने सुई गठ्ठ्यात टोचून ठेवली आणि कागद हातात घेतला. पातेल्यात खळीवर साय धरायला लागली होती.

मी बाहेर पडले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर वकीलीण आणि टाचणी बसल्या होत्या, दोघींचेही फॉर्म भरून तयार. मी सगळं सांगितलं. टाचणी पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही.

"इथलाच भर," वकीलीण म्हणाली. "हे बघ, मुद्दे मांडते. घर इथे. आम्ही इथे. बाबांना आत्ता तू हवी आहेस. आणि तिथे सहाशे जणांत तुझी हजेरी कोण देणार? श्वास चालू आहे म्हणून कोण सांगणार?"

ती प्रेमानेच म्हणाली. तिचे मुद्दे नेहमी बरोबर असतात, हाच तिचा त्रास आहे. मी समोरच्या हिरवळीकडे बघत बसले. इथल्या एकेका झाडाची सावली मला पाठ आहे. इथे मी कधी हरवणार नाही, हरवायला जागाच नाही. बाबांना वाईट वाटणार नाही. रसायनशास्त्र मला कदाचित आवडेलही. आणि कदाचित ते कव्हर बरोब्बर बसेल.

आणि कदाचित मी ते लिहून, बांधून, फळीवर ठेवून येईन.

"कोण सांगणार गं?" वकीलिणीने पुन्हा विचारलं.

"मी," मी म्हणाले. मला स्वतःलाच नवल वाटलं.

टाचणीने माझ्याकडे बघितलं. "ए वकीलीण," ती म्हणाली, "आता हिला म्यूट म्हणायचं नाही. पैज हरलोय आपण." आणि मग तोंड फिरवून बुटाची नाडी बांधत बसली. तिच्या बुटांना नाडी नाही.

घरी आले तेव्हा दुपारचा चहा झाला होता. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं. आई तिच्या टेबलाशी, बाबा त्यांच्या. कव्हर जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. मधल्या वेळात बाबांनी सोनेरी अक्षरांवर ओला बोळा फिरवून पाहिला असावा, कापडावर पाण्याचा डाग होता. अक्षरं तशीच होती. ती पुसली जात नाहीत हे त्यांच्याहून जास्त कुणाला माहीत असणार?

मी स्टूल ओढलं, तेच ते, आणि दोघांच्या मधे बसले. भीती होतीच. पण सभागृहातही होती, आणि तेव्हाही मी उठलेच होते.

"आई, बाबा, मी सांगते ते शेवटपर्यंत ऐका, मधे बोलू नका, नाहीतर मी थांबेन," मी म्हणाले. "मी लांबच्या विद्यापीठात जाणार आहे. उद्या तिथला फॉर्म पाठवतेय. विषय मला अजून माहीत नाही, आणि वर्षभर माहीत नाही असंच सांगणार आहे, कुणीही विचारलं तरी. कदाचित मी तिथे पहिले काही महिने हरवेन. पण रोज एक तरी प्रश्न मोठ्याने विचारेन. हे मी ठरवलंय. रसायनाच्या वर्गातही बसेन, बाबा, खळीचं उत्तर मला परत ऐकायचंय. आणि हे कव्हर त्या फळीमागे राहणार नाही. माझं नाव आहे त्यावर, मी ते नेणार. रिकामंच नेणार. माझी पानं होतील तेव्हा, कितीही होवोत, कसलीही होवोत, विद्यापीठाला कागद हवा असो नसो, मी ती छापून तुमच्याकडे घेऊन येईन. तुम्ही शिकंजा ठेवा. आई, तू शिवशील, पण तुला शिवायचं असेल तरच. आणि बाबा, माप तेव्हा घ्यायचं."